दगडातली भोकं

रोमला कोलोसियमच्या बाहेर, सकाळी नऊच्या रांगेत, सात-आठ वर्षांची एक मुलगी वडिलांच्या शर्टाची बाही ओढत होती. सगळी रांग माना वर करून त्या अवाढव्य भिंतीकडे बघत होती, फोन उंच धरलेले होते, आणि हिचं लक्ष मात्र नाकासमोर आलेल्या दगडी खांबावर होतं. खांबाला भोकं होती. मूठ जाईल एवढी, कडा ओबडधोबड, कुणीतरी उकरून काढल्यासारखी. "बाबा, ही भोकं कसली आहेत?" वडील फोनमध्ये तिकीट शोधत होते. त्यांनी भिंतीवर एक नजर फिरवली आणि म्हणाले, "गोळ्यांची असतील गं. लढाई झाली असेल." मुलगी गप्प झाली, पण तिला ते पटलं नव्हतं. ती एकेका भोकाकडे बोट करत मनातल्या मनात काहीतरी मोजत राहिली. मग रांग हलली, सुरक्षा तपासणीचे ट्रे पुढे आले, पाठपिशव्या उतरल्या आणि भोकं मागे राहिली.

तो प्रश्न अर्धवट राहिल्याची बोच अजून गेलेली नाही.

कारण उत्तर तिच्या समोरच होतं. गोळ्या कुठेही लागतात. ही भोकं मात्र बहुतेक ठिकाणी दोन चिरे जिथे भेटतात त्या सांध्यावर आहेत. कोलोसियमची बाहेरची भिंत तिव्होलीजवळच्या खाणीतल्या ट्रॅव्हर्टाइन दगडाची. हा चुनखडीच्याच जातीचा दगड, झऱ्यांच्या पाण्यातून थरावर थर साचून तयार झालेला. त्याच्या अंगातच बारीक पोकळ्या असतात. त्या वेगळ्या, ही भोकं वेगळी. असा सुमारे एक लाख घनमीटर दगड इथे लागला असा अंदाज आहे. हे चिरे चुन्यात बसवलेले नाहीत. कोरडेच एकमेकांवर रचले आणि शेजारच्या चिऱ्यांना लोखंडी आकड्यांनी जखडलं. दगडाला खाच पाडायची, तीत आकडा बसवायचा आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं थंड झालं की आकडा हलत नाही, आणि लोखंडाला पाणीही लागत नाही. पाणी लागलं तर लोखंड गंजून फुगतं आणि फुगलं की आतून दगड फोडतं. सगळ्या इमारतीत मिळून असं ३०० टनांच्या आसपास लोखंड होतं असं मानतात. साम्राज्य मोडल्यावर धातू दुर्मीळ झाला, आणि गावाच्या मधोमध हे लोखंड उभ्या भिंतीत आयतं पडून होतं. मध्ययुगातल्या लोकांनी सांध्यांवर छिन्नी लावून लोखंड काढलं, शिसंही काढलं. एकेका भोकामागे शिडीवर किंवा दोरीला लटकून हातोडी मारणारा कुणीतरी माणूस आहे. त्या लोखंडाचा नांगराचा फाळ झाला असेल, घोड्याची नाल झाली असेल, दाराची बिजागरी झाली असेल.

ती मुलगी ज्याच्याकडे बोट दाखवत होती ते तिथे नव्हतंच. ते निघून गेल्याची जागा तेवढी होती.

परदेशातल्या एखाद्या जुन्या शहरात पहिल्या दिवशी नेमकं हेच जड जातं. मनात एक अखंड चित्र घेऊन माणूस येतो: पांढरेशुभ्र खांब, भरलेली प्रेक्षागृहं, झेंडे, सम्राट. समोर असतात मोडकी जोती, एकटे उभे खांब, गवतात पडलेले नक्षीचे तुकडे. मग नजर दगडावरून उठते आणि फोनमधल्या पुनर्रचनेच्या चित्राकडे वळते. ते चित्र सुंदर असतं, पण त्यात दोन हजार वर्षं गाळलेली असतात. मला वाटतं, पहिल्या दिवशी काय होतं हे शोधण्यापेक्षा काय गेलं, कुणी नेलं आणि काय कशामुळे उरलं हे बघत गेलं तर रोम कितीतरी लवकर बोलायला लागतं. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. पाय शाबूत लागतात, पाणी लागतं, आणि दिवसाची मांडणी बरोबर लागते.

मांडणीबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या दिवसाची सुरुवात कोलोसियमने करू नये. जवळपास सगळे तशीच करतात आणि तिथेच दिवस बिघडतो. सकाळची वेळ मिळाली म्हणून नऊला कोलोसियममध्ये शिरायचं, अकराला बाहेर पडायचं, फोटो काढण्यात आणि काहीतरी खाण्यात अर्धा-पाऊण तास जातो, आणि ऐन बाराच्या उन्हात फोरममध्ये उतरायचं. फोरम म्हणजे दोन्हीकडून टेकड्यांनी धरलेलं खोलगट मैदान. सावली जवळजवळ नाही, खालचा काळा दगड तापलेला, वारा वरून निघून जातो. लांबच्या विमानप्रवासाची झोप अजून डोळ्यांत असते. तासाभरात पाय बोलायला लागतात आणि पॅलेटाइन टेकडीचा चढ समोर दिसला की माणसं म्हणतात, ते राहू दे. वास्तविक तिथूनच सगळ्याचा उलगडा होतो.

उलट क्रम धरावा. कोलोसियमची वेळ दुपारी तीनच्या पुढची घ्यावी आणि सकाळी दार उघडताच सान ग्रेगोरियो रस्त्यावरच्या प्रवेशद्वारातून पॅलेटाइनवर चढावं. हे दार कोलोसियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे आणि तिथली रांग बहुधा फोरमच्या दारांपेक्षा लहान असते. साधं तिकीट १८ युरोचं. ते कोलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन या तिन्हींसाठी मिळून असतं आणि २४ तास चालतं. कोलोसियमची वेळ ठरलेली असते, ती चुकवून चालत नाही. फोरम आणि पॅलेटाइन हे आतून जोडलेलं एकच आवार आहे. तिथे वेळेचं बंधन नाही, पण आत एकदाच जाता येतं. पाण्याची बाटली आणायला म्हणून फाटकाबाहेर पाऊल टाकलं की तिकिटाचा तो भाग संपला. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. तिकिटावर नाव असतं आणि दारावर ओळखपत्र बघतात, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरावं. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, तरी त्यांच्या नावाचं तिकीट काढावंच लागतं. विक्री साधारण ३० दिवस आधी सुरू होते आणि दुपारच्या चांगल्या वेळा लवकर जातात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं फुकट असतं. त्या दिवशी रांगेतच निम्मं ऊन अंगावर घ्यावं लागतं, म्हणून पहिला दिवस त्या रविवारी पडत असेल तर शहराचं दुसरं काहीतरी बघावं. मोठ्या पिशव्या आणि काचेच्या बाटल्या कोलोसियममध्ये नेऊ देत नाहीत. बूट वापरून मऊ झालेले हवेत. पवित्र मार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विया साक्रावर बसाल्टचे मोठाले दगड आहेत, वरून झिजून गुळगुळीत आणि मध्ये बोटभर-दोन बोटं फटी. नव्या कडक तळव्याच्या बुटात तिथे घोटा मुरगळतो.

पाण्याचं मात्र या शहराने फार चांगलं करून ठेवलं आहे. रस्त्यांवर ओतीव लोखंडाचे, कमरेएवढे उंच नळ दिसतात, त्यातून पाणी अखंड वाहत असतं. १८७४ पासून हे नळ बसवायला सुरुवात झाली आणि आज असे सुमारे अडीच हजार आहेत. तोटीच्या बाकावरून लोकांनी त्यांना नाव दिलं नासोनी, म्हणजे मोठ्या नाकाचे. पाणी प्यायला वाकायची गरज नसते. तोटीच्या तोंडावर बोट दाबून धरलं की तोटीच्या वरच्या बाजूला असलेल्या लहानशा छिद्रातून पाण्याची धार कमानीसारखी वर येते, ती तोंडात घ्यायची. हे माहीत नसलेली माणसं नळाखाली ओणवी होऊन बाह्या भिजवून घेतात. नळाच्या अंगावर चार अक्षरं असतात, एस पी क्यू आर: रोमची सीनेट आणि जनता. हीच अक्षरं गटारांच्या झाकणांवर आहेत, आणि प्राचीन वास्तूंवर तीच पूर्ण शब्दांत कोरलेली आहेत.

पॅलेटाइनवर सकाळी साडेआठ-नऊला पाईन वृक्षांची सावली असते आणि माणसं कमी. पहिल्यांदा निराशाच होते, कारण समोर नुसत्या विटा. सम्राट डोमिशियनचा राजवाडा तो हा. पॅलेस हा शब्द ज्या टेकडीच्या नावावरून जगभर गेला तिच्यावरचा मूळ पॅलेस. पण विटांची भिंत ही त्या काळी दाखवायची गोष्टच नव्हती. ज्वालामुखीची राख आणि चुना कालवून केलेलं काँक्रीट मध्ये, दोन्ही अंगांना विटांची किंवा छोट्या चौकोनी दगडांची कातडी, आणि त्यावर संगमरवराच्या पातळ फरश्या. त्या फरश्या भिंतीला धातूच्या लहान खुंट्यांनी अडकवलेल्या असायच्या. भिंतीच्या जवळ जाऊन उजेडाच्या तिरप्या रेषेत बघितलं की ठरावीक अंतराने बारीक छिद्रं दिसायला लागतात. सगळ्या भिंतीवर ती दिसत नाहीत, बऱ्याच ठिकाणी डागडुजीत बुजली आहेत. पण एकदा दिसली की विटांची ती भिंत उघडी वाटते, अंगावरचं वस्त्र ओढून नेल्यासारखी.

टेकडीच्या नैऋत्य कोपऱ्यात याहून जुनी भोकं आहेत. तिथल्या मऊ खडकात गोल खड्डे खणलेले आहेत. १९४८ च्या उत्खननात ते नीट उघडे झाले. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या, म्हणजे लोहयुगातल्या झोपड्यांचे खांब रोवायचे हे खड्डे. वरची लाकडं, कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर सगळं केव्हाच मातीत गेलं. झोपडीचा आराखडा भोकांनी जपला. रोमची स्थापना परंपरेने इसवी सनापूर्वी ७५३ ची मानतात, तो काळ आणि या झोपड्यांचा काळ जवळचा. सम्राट ऑगस्टसने आपलं घर याच कोपऱ्यालगत केलं. त्याच्या काळी इथली एक झोपडी रोमचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या रोम्युलसची म्हणून जपली जात होती; आग लागली, वाऱ्याने पडली की पुन्हा तशीच बांधायचे. पर्यटकांच्या वाटेवरून हा भाग थोडा आडबाजूला आहे आणि समोर उभं राहिलं तरी दिसतं ते काय, खडकातले खळगे. पाच मिनिटं तिथे थांबावं. खाली जे संगमरवराचं अवाढव्य शहर पसरलं त्याचं मूळ या खळग्यांत आहे, आणि ते इतकं लहान आहे की घशाशी काहीतरी येतं.

टेकडीच्या उत्तर कडेला फार्नेसे बागांचा सज्जा आहे. तिथून फोरम पायाशी पडतो आणि खाली उतरण्याआधी दिशा पक्क्या करायला याच्यासारखी जागा नाही. उजव्या हाताला, कोलोसियमच्या बाजूला, चढावर सम्राट टायटसची कमान. डाव्या टोकाला कॅपिटोलाइन टेकडी, तिच्या पायथ्याशी सॅटर्नच्या देवळाचे आठ खांब आणि त्याच्या पलीकडे सेप्टिमियस सेव्हेरसची तीन दारांची कमान. या दोन टोकांना जोडणारा रस्ता म्हणजे विया साक्रा. एवढं डोक्यात राहिलं की खाली हरवायला होत नाही. नाहीतर फोरमच्या ऐन मधोमध उभं राहून पहारेकऱ्याला "फोरम कुठे आहे?" विचारणारी माणसं रोज भेटतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. फोरम ही एक इमारत नाहीच. दलदलीचा खोलगट भाग मोठं गटार काढून कोरडा केला, आणि मग हजार वर्षं त्यावर जागा मिळेल तसं बांधत गेले: देवळं, न्यायालयं, बाजार, विजयाच्या कमानी. इ.स. ६०८ मध्ये फोकास या सम्राटासाठी एक खांब उभा राहिला, तो इथला शेवटचा. त्यासाठीही नवा खांब घडवला नाही, जुन्याच एका वास्तूचा वापरला.

पुढे नदीचे पूर, टेकड्यांवरून येणारी माती, पडझडीचा राडारोडा यांनी जमीन चढत गेली. सेव्हेरसची कमान जवळजवळ निम्मी गाडली गेली. वर गवत आलं आणि या जागेचं नाव पडलं काम्पो वाक्किनो, गुरांचं कुरण. गुरांचा बाजार भरायचा इथे. जनावरं पाणी प्यायची ते दगडी टाकं म्हणजे प्राचीन ग्रॅनाइटचं प्रचंड पात्र होतं. १८१८ मध्ये ते उचलून क्विरिनाले महालासमोरच्या कारंज्याला बसवलं, आजही तिथे आहे. मातीखाली जे होतं ते सुरक्षित राहिलं. मातीच्या वर जे होतं त्याची खाण झाली. संगमरवर म्हणजे रासायनिकदृष्ट्या चुनखडीच. नऊशे अंशांच्या आसपास भाजली की चुना मिळतो. फोरममध्येच भट्ट्या पेटल्या. पुतळे, नक्षीच्या पट्ट्या, शिलालेख फोडून आत घातले, आणि तो चुना नव्या रोमच्या घरांच्या, चर्चच्या भिंतींत गेला. हे वाचलं की पहिल्यांदा संताप येतो. मग शहरातून संध्याकाळी हिंडताना त्या पिवळट-केशरी भिंती इतक्या आवडतात की संताप कुणावर धरावा कळत नाही.

फोरममध्ये एकाच गोष्टीसमोर बसायला वेळ असेल तर ती अँटोनायनस आणि फाउस्टिनाच्या देवळासमोर द्यावी. टायटसच्या कमानीकडून उतरताना उजव्या हाताला, उंच जोत्यावर, हिरवट-करड्या लाटा अंगावर असलेले १७ मीटर उंच खांब. इ.स. १४१ मध्ये सम्राटाने वारलेल्या बायकोसाठी देऊळ बांधायला घेतलं. तो गेल्यावर त्याचंही नाव वर जोडलं. खांबांच्या मागे एका चर्चचा दर्शनी भाग आहे आणि त्याचं दार हवेत आहे. दाराखाली पायरी नाही, सज्जा नाही, सरळ खाली भिंत. ज्यांनी ते दार बसवलं त्यांच्या काळी जमीन तिथपर्यंत आलेली होती. माणसं रस्त्यावरून चालत त्या दारातून आत शिरत. उत्खननाने जमीन काढून घेतली आणि दार वर लटकून राहिलं. फोरमवर किती माती होती हे सांगायला याहून चांगली मोजपट्टी नाही. आता नजर खांबांच्या वरच्या टोकाकडे न्यावी. गळ्याच्या खाली तिरक्या खोल चिरा दिसतात. दोर बांधून हे खांब ओढून पाडायचा प्रयत्न झाला, त्या दोरांच्या खुणा म्हणून त्या दाखवतात. खांब पडले नाहीत. देवळाचं चर्च झालं होतं, म्हणून भिंती वापरात राहिल्या, छप्पर नांदतं राहिलं. फोरममध्ये जे आज उभं दिसतं त्यातलं बरंचसं असंच कुणीतरी ताब्यात घेतल्यामुळे उभं आहे. सीनेटचं सभागृह चर्च झालं म्हणून राहिलं, टायटसची कमान मध्ययुगात एका सरदार घराण्याच्या किल्ल्याच्या तटात गेली म्हणून राहिली. ज्यांना कुणी आपलं म्हटलं नाही ती चुन्याच्या भट्टीत गेली.

सेव्हेरसच्या कमानीशी मात्र सावकाश थांबावं आणि फोनचा कॅमेरा ताणून किंवा लहान दुर्बीण लावून वरचा शिलालेख बघावा. कमान इ.स. २०३ ची. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आणि त्याचे दोन मुलगे, काराकाला आणि गेटा, तिघांची नावं वर होती. अक्षरं नुसती कोरलेली नव्हती. कोरलेल्या खाचेत ब्राँझची अक्षरं बसवली होती आणि ती धरून ठेवायला खुंट्यांची छिद्रं पाडली होती. बाप वारल्यावर, २११ च्या डिसेंबरात, काराकालाने धाकट्या भावाला मारवलं आणि त्याचं नाव साम्राज्यभर खोडायचा हुकूम निघाला. कमानीवरच्या चौथ्या ओळीतून गेटाचं नाव आणि पदवी छिन्नीने तासली आणि तिथे बापलेकांच्या गौरवाचे दुसरे शब्द कोरले. दगड तासला की अक्षर जातं, पण छिद्र खोल असतं. जुन्या अक्षरांच्या खुंट्यांची छिद्रं राहिली. चौथ्या ओळीकडे नीट बघितलं की कळतं, इथला पृष्ठभाग बाकीच्यापेक्षा आत गेलेला आहे, आणि अक्षरांशी अजिबात न जुळणारी छिद्रं मध्येच पसरलेली आहेत. त्या छिद्रांवरूनच अभ्यासकांनी मूळ शब्द परत वाचून काढले. तिथे लिहिलं होतं, सर्वात थोर युवराज गेटा यास. साम्राज्याची सगळी ताकद लावून ज्याचं नाव पुसलं, त्याचं नाव भोकांनी सांभाळून ठेवलं. ब्राँझची अक्षरं तर नंतर सगळ्यांचीच गेली, बापाचीही आणि मारणाऱ्या भावाचीही.

परत वर चढून टायटसच्या कमानीतून बाहेर पडताना आणखी एक सवय डोळ्यांना लावून घ्यावी: जुनं कुठलं आणि जोडलेलं कुठलं. १८२० च्या दशकात ज्युसेप्पे व्हालादिएर या वास्तुकाराने ही कमान सोडवून परत रचली. हरवलेल्या बाजू त्याने पूर्ण केल्या, पण मूळ संगमरवर होता तिथे ट्रॅव्हर्टाइन वापरला आणि खांबांवरच्या उभ्या पन्हळी मुद्दाम कोरल्या नाहीत. दुरून कमान अखंड दिसते, जवळ गेलं की शिवण दिसते. यातला प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो. कमानीच्या आतल्या बाजूला जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली सात फांद्यांची समई मिरवणुकीत नेताना कोरली आहे. इ.स. ७० मध्ये ते मंदिर उद्ध्वस्त झालं. ज्या शहरात आपण दिवसभर कुणी काय नेलं याचा हिशेब मांडत हिंडतो, त्या शहराने स्वतः काय आणलं याची ही पावती आहे. कोलोसियमच्या बांधकामाचा पैसाही त्याच लुटीतून आला असं मानायला चांगला आधार आहे, आणि तोही आधार भोकांचाच: कोलोसियममधल्या एका पुन्हा वापरलेल्या दगडावर जुन्या ब्राँझ अक्षरांची छिद्रं सापडली, आणि ती जुळवून वाचल्यावर युद्धातल्या लुटीच्या पैशातून बांधल्याचा मजकूर निघाला.

दुपारी जेवून, तासभर सावलीत बसून कोलोसियमला यावं. भिंतीच्या पूर्व आणि पश्चिम टोकांना १९ व्या शतकात टेकू दिले आहेत. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेची बाहेरची बाजू कोसळली. त्या बाजूचा पाया नरम गाळाच्या जमिनीवर होता. त्यामुळे उरलेल्या भिंतीची दोन्ही टोकं उघडी पडली आणि हळूहळू झुकायला लागली. पश्चिमेचा टेकू व्हालादिएरचाच, मूळ कमानींची विटांत केलेली नक्कल. पूर्वेचा १८०७ चा, राफाएले स्टर्न या वास्तुकाराचा, आणि तो बघायलाच हवा. स्टर्नने निखळत चाललेल्या कमानींमध्ये विटा भरून टाकल्या. त्यामुळे कमानीचे चिरे खाली घसरताना जिथे होते तिथेच विटांनी धरले गेले. आजही ते तसेच तिरके, निसटण्याच्या बेतात आहेत. पडण्याचा एक क्षण दोनशे वर्षं पडायचा थांबला आहे.

जपणुकीनेही काही नेलं, हे सांगायला हवं. १८५५ मध्ये एका इंग्रज डॉक्टरने कोलोसियमच्या भिंतींवर आणि फटींत उगवणाऱ्या ४२० जातींच्या वनस्पतींची नोंद केली. मुळांनी दगड फुटतात म्हणून १८७० नंतर ते सगळं रान काढलं. काढायलाच हवं होतं, तरी त्या यादीचा विचार मनात आला की वाटतं, आपण बघतो ती भिंत बोडकी आहे. बाहेरचा तो रुंद सरळ रस्ता, फोरी इम्पेरियाली, मुसोलिनीने १९३२ मध्ये खुला केला; त्यासाठी माणसांनी भरलेली एक अख्खी वस्ती पाडली आणि एक लहान टेकडी कापली. त्या वस्तीच्या भोकावरून दिवसभर हजारो पावलं चालत असतात.

आत गेल्यावर पहिला धक्का बसतो तो मैदान नसल्याचा. बघायला आलेलो असतो रिंगण, आणि दिसतात तळघराच्या उघड्या भिंती. वर लाकडी जमीन होती, तिच्यावर वाळू. लॅटिनमध्ये वाळूला हारेना म्हणतात, अरीना हा शब्द तिथला. ते लाकूड गेलं म्हणून खालचे पिंजरे, उतार आणि उचलयंत्रांच्या खोबण्या आपल्याला दिसतात. भरलेल्या प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला हे कधीच दिसलं नसेल. बाहेर येताना उत्तरेच्या बाजूच्या कमानींवर नजर टाकावी. ८० पैकी ७६ दारांवर क्रमांक होते, त्यातले २३ ते ५४ अजून रोमन अंकांत वाचता येतात. लोक आपल्या बिल्ल्यावरचा आकडा बघून त्या दाराने शिरत.

त्याच कमानींच्या खांबांवर ती भोकं आहेत, अगदी लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की प्रत्येक भोकात सावली भरते आणि सकाळी सपाट दिसलेली भिंत जाळीसारखी दिसायला लागते. काहींत कबुतरांनी काड्या नेऊन ठेवल्या आहेत. त्या मुलीला कुणी सांगितलं असतं की इथे लोखंड होतं, ते लोकांनी काढून नेलं, तर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग भिंत पडली कशी नाही? चिरे आपल्याच वजनाने एकमेकांवर बसलेले आहेत. कमानीचा भार खांबावर येतो, खांबाचा जमिनीत जातो, आणि आकडे नसले तरी जमीन हलत नाही तोवर ते तसेच बसून राहतात. हे तिला तिथल्या तिथे, तळहातांची कमान करून दाखवता आलं असतं. रांग हलायला अजून चार-पाच मिनिटं होती.